ड्यूको आणि टिकलीएवढा डाग

परवा शनिवारी नाशिकला घरी गेलो होतो. (गेले तीन आठवडे इथं काही लिहिलं नाही, कारण ऑफिसात रिलीज होतं. तो विषय नको.) सकाळी सकाळी बाबांनी पेंटर मिस्त्रींना बोलावलं होतं, आमची लाल गाडी दाखवायला. गाडी १९९६ ची. लाल, छोटी, चौकोनी. कंपनीचं नाव सांगत नाही, तुमच्या घरी नाहीतर शेजाऱ्यांकडे ती होतीच. पासिंग जवळ आलंय आणि बाबांच्या मनात आलं की एकदा फुल बॉडी रंग मारून घ्यावा. नाहीतर सरळ भंगारात द्यावी. हे दुसरं वाक्य ते फार हळू बोलतात.

मिस्त्री साठीचे असतील. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर टकटक केलं, मग पिशवीतून थिनरची बाटली काढली, फडक्यावर ओतलं आणि बोनेट पुसायला सुरुवात केली. फडक्यावर थोडी गुलाबी छटा आली, बाकी काही नाही. मग फडकं डाव्या हेडलाइटच्या वरच्या कडेवरून फिरलं आणि तिथून टिकलीएवढा लाल रंग चक्क निघून आला. खाली करडा प्रायमर.

"साहेब, इथं कुणीतरी ड्यूको मारलाय," मिस्त्री म्हणाले. "कंपनीचा रंग थिनरनं असा जात नाही."

"शक्यच नाही," बाबा म्हणाले. "या गाडीला आजवर दुसऱ्या कुणाचा ब्रश लागलेला नाही मिस्त्री."

मी त्या वेळी मोबाइलमध्ये अत्यंत महत्त्वाचं काहीतरी वाचत होतो.

तुमच्यापासून काय लपवायचं? २०१३ ची, दहावीच्या सुट्टीतली गोष्ट. बोनेटवर पक्ष्याची घाण वाळून डाग पडला होता. बाबा कामावरून यायच्या आत तो घालवून त्यांना खूश करावं म्हणून मी त्यांच्या कपाटातली रबिंग कंपाउंडची डबी काढली आणि जीव खाऊन घासत बसलो. डाग गेला. रंगही गेला. कडेवर करडा ठिपका दिसायला लागल्यावर पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. मग आईच्या ड्रेसिंग टेबलावरचं लाल नेलपॉलिश आणून तीन हात मारले. रंग इतका जुळला की मला स्वतःलाच ती जागा पुन्हा शोधायला त्रास व्हायचा. तेव्हापासून हे फक्त मला आणि त्या बाटलीला माहीत होतं.

गंमत म्हणजे मिस्त्री शंभर टक्के बरोबर होते. नेलपॉलिश म्हणजे ड्यूकोच. शनिवारची दुपार मी याच विषयावर वाचत घालवली (बाबांसमोर जायचं टाळायला निमित्तही मिळालं) आणि तेच आज लिहितोय.

आधी ड्यूकोच्या पूर्वीचं. मोटारी आल्या तेव्हा त्यांना घोडागाडीसारखंच रंगवत. जवसाच्या तेलातला रंग ब्रशनं लावायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीनं घासायचा, पुन्हा हात मारायचा. असे कित्येक थर आणि शेवटी व्हार्निश. जवसाचं तेल 'वाळतं' म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. या रिअॅक्शनला घाई करता येत नाही. चांगल्या गाडीचा रंग पुरा व्हायला तीन-चार आठवडे सहज लागत.

घोडागाडीच्या काळात कुणाला याचं काही वाटलं नाही. पण आता एक हिशोब करा. आपल्याकडे क्यू थिअरीत लिटिल्स लॉ शिकवतात: आत येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ म्हणजे आत अडकलेला माल. समजा कारखान्यातून रोज १००० गाड्या निघतायत आणि प्रत्येक गाडीला रंगायला २१ दिवस लागतायत. म्हणजे कुठल्याही क्षणी २१,००० गाड्या नुसत्या वाळत उभ्या! त्याही छपराखाली, धूळ न लागता. असेंब्ली लाइन कितीही पळवा, पुढे रंगाच्या शेडमध्ये ट्रॅफिक जाम.

हेन्री फोर्ड आणि काळा रंग ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण मॉडेल टी १९०८ मध्ये आली तेव्हा ती लाल, हिरव्या, करड्या रंगात मिळायची. फक्त काळा असं झालं १९१४ पासून, आणि १९२५ मध्ये ते संपलं. काळा लवकर वाळतो म्हणून असं केलं हे सगळीकडे छापलेलं असतं, अभ्यासकांचा मात्र त्यावर वाद आहे. तो स्वस्त आणि टिकाऊ होता यावर वाद नाही. डांबराच्या जातीच्या खनिजापासून केलेला तो 'जपान ब्लॅक', मडगार्डसारख्या लोखंडी भागांवर लावून भट्टीत भाजत. अख्खी बॉडी तशी भाजता येत नव्हती कारण तिच्या आत लाकडाचा सांगाडा असायचा. (जपान हे नाव का, तर युरोपातल्या लोकांनी जपानी लाखकामाची नक्कल करायला हे प्रकार सुरू केले म्हणून.)

व्हार्निशवाल्या गाडीची निगा हा वेगळाच सोहळा. घोडागाडीवाल्यांची शिस्त अशी: धूळ कोरडी पुसायची नाही, आधी भरपूर गार पाणी सोडायचं, उन्हात धुवायची नाही, स्पंज वेगळा, शामॉय चामडं वेगळं, आणि गाडी तबेल्याला लागून ठेवायची नाही, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया व्हार्निश खातो. हे वाचून मी जरा वेळ थांबलो. शेवटचा मुद्दा सोडला तर आज यूट्यूबवर टोपी उलटी घातलेले लोक हेच सांगतात.

आता गोष्ट वळते ती थेट बारुदाकडे.

बाझेलमध्ये शोनबाइन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. दंतकथा अशी की १८४५ मध्ये, बायको घरी नसताना, तो स्वयंपाकघरात प्रयोग करत होता (तिनं सक्त मनाई केली होती!), आणि नायट्रिक-सल्फ्युरिक आम्लाचं मिश्रण सांडलं. त्यानं घाईघाईनं बायकोचा सुती एप्रन घेऊन पुसलं, एप्रन वाळायला शेगडीवर टांगला आणि तो भप्पकन जळून नाहीसा झाला. दंतकथा खरी असो-नसो, शोध खरा आहे: कापसावर या आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. त्यात नायट्रोजन जास्त असेल तर ते गन कॉटन, तोफेत भरायचं. कमी असेल तर ते सॉल्व्हंटमध्ये विरघळतं आणि वाळल्यावर पारदर्शक, चिवट पापुद्रा देतं. त्या पापुद्र्यापासून सेल्युलॉइड आलं, आणि मग सिनेमाची फिल्म.

म्हणजे आमच्या नाशिककर दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' ज्या पट्टीवर दाखवला ती याच घराण्यातली. भयंकर ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातली जुनी नायट्रेट फिल्म जळून खाक झाली, त्यात आपल्या सिनेमाचा केवढा इतिहास गेला. ते वाचलं की अजून हळहळ वाटते. असो.

अमेरिकेतली ड्युपाँ ही मुळात बारुद करणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात दोस्तांना तिनं प्रचंड प्रमाणात दारूगोळा पुरवला. १९१८ मध्ये युद्ध संपलं. आता एवढे नायट्रोसेल्युलोजचे कारखाने घेऊन करायचं काय? तोवर त्यांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. १९१७ च्या डिसेंबरात अडीच कोटी डॉलर घालून जनरल मोटर्सचे शेअर्स घ्यायचं ठरवलं होतं. १९२० मध्ये तर पिएर ड्युपाँ हाच जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला. म्हणजे एका हातात नायट्रोसेल्युलोज आणि दुसऱ्या हातात रंगासाठी ताटकळणाऱ्या मोटारी.

मग एवढं सोपं होतं तर लगेच का नाही जमलं? अडचण चिकटपणाची होती. नायट्रोसेल्युलोजचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. शेवयांची खीर आठवा. शेवया अखंड, लांब टाकल्या तर थोड्याशाच शेवयांत पातेलं गच्च होतं. रंग स्प्रे करायचा तर तो पातळ हवा, पातळ करायचा तर सॉल्व्हंट भरमसाट घालायचं, आणि ते उडून गेलं की पत्र्यावर उरतो कांद्याच्या सालीएवढा थर. असे कित्येक थर मारत बसलात की मग वेळ कुठे वाचला?

१९२० च्या जुलैमध्ये न्यू जर्सीत पार्लिन इथल्या ड्युपाँच्या फिल्म कारखान्यात, सुट्टी आणि वीज जाण्याच्या गडबडीत, नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणाचं एक पिंप उन्हाळ्याच्या उकाड्यात दोन-तीन दिवस तसंच राहून गेलं. फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून त्यात सोडियम असिटेट घातलं होतं. लोक परत येऊन बघतात तर मधासारखं घट्ट द्रावण पाण्यासारखं पातळ झालेलं! साखळ्या तुटून आखूड झाल्या होत्या. शेवया मोडल्या, आता त्याच पातेल्यात कितीतरी जास्त मावतात. एडमंड फ्लाहर्टी या तिथल्या केमिस्टनं ते पिंप फेकून न देता त्यामागचं कारण शोधून काढलं. आपल्याकडे प्रॉडक्शनमध्ये बग आला की आधी रीस्टार्ट मारतात, लॉग नंतर बघतात. फ्लाहर्टीनं लॉग बघितला एवढंच म्हणतो.

दोन-तीन वर्षं खपून १९२३ मध्ये तो रंग बाजारात आला. नाव ड्यूको, म्हणजे ड्युपाँमधला 'ड्यू' आणि कंपनीमधला 'को'. १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्या (हीच कंपनी पुढे पाँटियाक झाली) निळ्या ड्यूकोत आल्या आणि गाजल्या. जनरल मोटर्सच्या बाजूनं या सगळ्याच्या मागे लागलेला माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग. त्याची एक गोष्ट सांगतात: एका अविश्वासू रंगवाल्याला त्यानं जेवायला नेलं, बोलता बोलता त्याच्याकडून एक रंग पसंत करून घेतला, आणि जेवून बाहेर आल्यावर त्या माणसाला आपली गाडी सापडेना. ती त्या रंगात रंगवून उभी होती! गोष्टीत मीठमसाला असणार. पण आठवड्यांचं काम तासांवर आलं हे खरंच होतं, कारण ड्यूको ऑक्सिजनची वाट बघत नाही. सॉल्व्हंट उडालं की काम झालं.

आणि म्हणूनच, पुन्हा सॉल्व्हंट लावलं की तो पुन्हा विरघळतो. शंभर वर्षांनी नाशिकमध्ये थिनरच्या फडक्यावर माझं पाप आलं ते याच गुणामुळे.

मिस्त्रींची पिशवी दुपारभर ओट्यावरच होती. तिच्यात डोकावलो तर ती अख्खी पिशवी म्हणजे त्याच काळाचं म्युझियम. वॉटर पेपर: फ्रान्सिस ओकी नावाच्या फिलाडेल्फियातल्या शाईवाल्याची कल्पना, ३एम कंपनीनं १९२१ मध्ये बाजारात आणला. तोवर रंग कोरडाच घासत, त्या रंगात शिसं असायचं आणि ती धूळ कामगारांच्या छातीत जायची. ओल्या घासकामानं ती धूळ खाली बसली. मग मास्किंग टेप: ३एमचाच रिचर्ड ड्रू हा पोरगा गॅरेजमध्ये या वॉटर पेपरचे नमुने पोचवायला जायचा. दोन रंगांच्या गाड्यांची तेव्हा फॅशन होती, आणि मधली रेघ आखायला लावलेला कागद काढताना ताजा रंगच उपटून यायचा. पेंटरच्या तोंडच्या शिव्या ऐकून त्यानं हलक्या हातानं निघणारी चिकटपट्टी करायचं मनावर घेतलं, १९२५ मध्ये ती केली. आणि स्प्रे गन? तिच्या घराण्याचा मूळपुरुष चक्क घशाचा डॉक्टर. ओहायोतल्या डॉ. डेव्हिल्बिसनं पेशंटच्या घशात औषध फवारायला अॅटमायझर केला होता, त्याच्या मुलानं त्यावरून रंगाची गन बनवली. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणूनच आमचे घसे गेले होय!"

रंग पटकन वाळायला लागल्यावर रंग हीच विकायची गोष्ट झाली. १९२७ मध्ये जनरल मोटर्सनं हार्ली अर्लच्या हाताखाली 'आर्ट अँड कलर' नावाचं खातंच काढलं. यंदाची गाडी गेल्या वर्षीच्या गाडीपेक्षा निराळी दिसली पाहिजे, म्हणजे लोक गेल्या वर्षीची विकतील. (मोबाइलवाल्यांनी हे नवीन शोधलं असं वाटत असेल तर विसरा.) पुढे अमेरिकन सरकारनं दावा लावला की ड्युपाँ शेअर्सच्या जोरावर जनरल मोटर्सला आपलाच रंग आणि कापड घ्यायला लावते. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला आणि ड्युपाँला ते शेअर्स सोडावे लागले. तेव्हा त्यांच्याकडे कंपनीचा सुमारे २३ टक्के हिस्सा होता.

इंग्लंडमध्ये ड्यूको करायला ड्युपाँनं नोबेल कंपनीबरोबर भागीदारी केली. हो, तेच डायनामाइटवाले नोबेल. १९२६ मध्ये नोबेल इंडस्ट्रीज आयसीआयमध्ये विलीन झाली, आणि त्या वाटेनं ही रंगांची नावं ब्रिटिश साम्राज्यात पोचली. ड्युलक्स ओळखीचं आहे ना? त्यातलाही 'ड्यू' ड्युपाँचाच. आपल्याकडे गॅरेजमध्ये आज बहुधा दोन भागांचा पीयू मारतात, रंग अधिक हार्डनर, आणि तो वाळल्यावर थिनरला दाद देत नाही. पण बोलताना शब्द ड्यूकोच. सुतारसुद्धा किचनच्या दारांना 'ड्यूको फिनिश' देतो. पूर्वी वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणायचे तसंच.

आणि नेलपॉलिश. १९२० आणि ३० च्या दशकांत मोटारींच्या लॅकरचंच तंत्र बाटलीत भरून आजचं नेलपॉलिश घडलं. रेव्हलॉन सुरू झाली १९३२ मध्ये, नेलपॉलिशवरच. घरातली कुठलीही बाटली उलटी करून वाचा: नायट्रोसेल्युलोज, इथाइल असिटेट, ब्युटाइल असिटेट. वासही थिनरचाच. तेव्हा दहावीतल्या मुलानं घाबरून जे केलं ते रसायनशास्त्राच्या दृष्टीनं अगदी १९२४ च्या पद्धतीचं टचअप होतं. (हे बचावाचं वाक्य म्हणून तयार ठेवलं होतं. वापरायची वेळ आली नाही.)

आता घासण्याकडे येतो, कारण माझा गुन्हा तिथला आहे.

ड्यूको गनमधून निघाला की मंद दिसायचा. चमक यायची ती घासून. आणि उन्हात काही महिने राहिला की वरचा थर मरायचा, खडूसारखा पांढुरका व्हायचा. मग मालकानं रविवारी पॉलिश घेऊन तो मेलेला थर काढायचा, खालचा ताजा रंग वर आणायचा आणि त्यावर मेण लावायचं. यावर मोठाले धंदे उभे राहिले. शिकागोत १९१० पासून सिमोनाइज होतंच. १९४१ मध्ये त्याच गावात बेन हर्श नावाच्या माणसानं घरच्या बाथटबमध्ये पॉलिश घोटून विकायला सुरुवात केली, पुढे त्याचं टर्टल वॅक्स झालं.

पॉलिश आणि मेण या दोन उलट गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दोन्हीला 'पॉलिश' म्हणतात हाच घोळ आहे. पॉलिशमध्ये बारीक भुकटी असते, ते रंग काढतं. मेण काही काढत नाही, वर बसतं. उत्तम मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कार्नोबा ताडाच्या पानांवरचं. तिथल्या रखरखीत उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड ते स्वतःवर लावतं. वितळतं साधारण ८२ ते ८६ अंशांना, त्यामुळे आपल्या मे महिन्यातल्या बोनेटवर टिकून राहतं. चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकी पण त्याचीच, पाकिटावर ९०३ नंबर शोधा. बाबांची डबी होती रबिंग कंपाउंडची, म्हणजे पॉलिशमधला सगळ्यात खरखरीत प्रकार. आणि मी घासलं कुठे तर कडेवर, जिथे ओला रंग वाळताना मुळातच मागे सरकतो आणि थर सगळ्यात पातळ राहतो. बोटाचा दाबही तिथेच सगळ्यात जास्त पडतो.

आमच्या लाल गाडीवर क्लिअरकोट नाही. तुमच्या जुन्या गाडीवर आहे का बघायचं असेल तर पांढऱ्या फडक्यावर जरासं पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर नाही, काळपट मळच आला तर आहे. खाली रंगाचा थर आणि वर पारदर्शक थर ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत पसरली आणि मग सगळीकडे. ऊन अडवणारी रसायनं त्या वरच्या थरात असतात. थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षा बारीक. तेवढंच भांडवल. प्रत्येक 'मशीन पॉलिश'मध्ये त्यातलं थोडं खर्च होतं आणि ते परत भरता येत नाही. क्लिअरकोटचीही दुखणी निघालीच: फ्लॉरिडात जॅक्सनव्हिलला आम्लयुक्त पाऊस आणि वर कडक ऊन यांनी नव्या गाड्यांवर खड्ड्यांसारखे डाग पडायला लागले, तेव्हापासून रंगवाल्या कंपन्या नमुन्याचे पत्रे मुद्दाम तिथे नेऊन ठेवतात.

पुण्यात माझी स्वतःची गाडी आहे, दोन वर्षांची, काळी. सोसायटीत रोज पहाटे एक जण सगळ्या गाड्या पुसतो. एक बादली, एक फडकं, चाळीस गाड्या. उन्हात उभं राहून बघितलं तर बोनेटवर सूर्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. हे जाळं गोल असतं असं वाटतं, पण गोल ओरखडे कुणी काढलेले नसतात. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, फक्त उजेडाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून ते दिव्याभोवती वर्तुळात मांडल्यासारखे दिसतात. खात्री करायची तर घरातलं घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा. अगदी तेच. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, ते पोलादालाही ओरखडा काढतात. कोरड्या फडक्यानं आपण तेच बोनेटवर फिरवतो.

मग करायचं काय, तर घोडागाडीवाले सांगून गेलेच आहेत. सावलीत, आधी नुसतं पाणी, मग शाम्पू. दोन बादल्या घ्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. दुसरीच्या तळाशी काय साठतं ते एकदा बघा, पुन्हा एका बादलीवर जाणार नाही. छतापासून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं. पाण्याची टंचाई असेल त्या महिन्यात सरळ धुवू नका, धूळ राहू द्या. धूळ नुसती बसून काही करत नाही, पुसल्यावर करते. रंग हाताला खरखरीत लागत असेल तर जपानी लोकांनी आणलेली क्ले मिळते, ओल्या पत्र्यावर फिरवली की रुतलेले कण उचलते. आणि सिरॅमिक कोटिंगवाला '९एच, हिऱ्याच्या खालोखाल कडक' म्हणाला तर त्याला विचारा, ९एच कुठल्या मापावर. ते पेन्सिलीच्या शिशाचं माप आहे हो, हिऱ्याचं नाही. मला एका दुकानात पंचवीस हजार रुपये सांगून हेच ऐकवलं होतं. कोटिंग वाईट नसतं, पाणी छान ओघळतं, पण म्हणून पहाटेच्या फडक्यापासून ते वाचवत नाही.

तर रविवारी सकाळी.

मिस्त्री पुन्हा आले. फुल बॉडीचा आकडा त्यांनी सांगितला, तो गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास जात होता. बाबा गप्प झाले. मी म्हटलं, "बाबा, रंग अजून आहे. वरचा मेलाय फक्त. एक दार करून बघू का?" मागच्या दारावर हलकं पॉलिश घेतलं आणि बोटभर जागेत घासायला लागलो. फडकं लालभडक झालं. दहा मिनिटांनी त्या गुलाबी पडलेल्या दारात १९९६ चा लाल रंग दिसायला लागला. बाबा वाकून बघत होते. गुडघे दुखतात म्हणून गेली काही वर्षं ते दारांचा खालचा भाग घासत नव्हते, त्यामुळे तिथला थर जाड राहिलाय. बोनेट मात्र त्यांनी पंचवीस-तीस वर्षं दर दसऱ्याला मनापासून घासलंय, तिथे आता घासण्यासारखं फार उरलेलं नाही. मिस्त्रींनी नखानं चाचपून सांगितलं, "साहेब, बोनेटला आता फक्त मेण. पॉलिश बंद."

फुल बॉडी रद्द झाली. बोनेटच्या कडेच्या ठिपक्याला मिस्त्रींनी रंग जुळवून टचअप केलं, पैसे घ्यायला तयार नव्हते. भंगाराचं नाव कुणी काढलं नाही.

ते गेल्यावर बाबांना सांगून टाकलं. सुट्टी, कंपाउंड, नेलपॉलिश, सगळं. ते फडकं पिळत होते. म्हणाले, "मला वाटत होतं माझ्याच हातून गेला तिथला रंग. मीच घासायचो ना जास्त." आणि मग हसायला लागले, चांगले खदाखदा, मी चकित होऊन बघतोय.

आई ओट्यावर चहा घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकलं. ती हसली नाही. "म्हणजे ती बाटली तू संपवलीस?" तिनं विचारलं. "त्या वर्षी सुट्टीत मावशी राहायला आली होती. मी तिला बोलले होते त्यावरून."

आता मावशीला फोन कुणी करायचा, यावर मी संध्याकाळची पुण्याची गाडी पकडेपर्यंत एकमत झालेलं नव्हतं.